सात सुगरणींचा सूर्य

विजेचं बिल आलं की आपण बहुतेक जणी आधी रकमेचा आकडा बघतो आणि मग 'युनिट किती पडले' ते. मागच्या महिन्यापेक्षा वीस युनिट जास्त दिसले की घरात चौकशी सुरू. गिझर कोणी चालू ठेवला, पंखा बंद करताना कोणाचे हात मोडले होते, वगैरे. तर या आपल्या ओळखीच्या युनिटमध्येच मी आज एक मोठी गोष्ट सांगणार आहे. ती सूर्याची आहे, ताऱ्यांकडे जाण्याची आहे, जगाच्या राजकारणाची आहे आणि थोडी सुक्या बोंबलांचीही आहे.

५ डिसेंबर २०२२ हा दिवस. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत मिरीच्या दाण्याएवढी एक गोळी इवल्याशा डबीत ठेवली आणि त्या डबीत १९२ लेसर किरण एकाच क्षणी सोडले. गोळीत हायड्रोजनची दोन भावंडं होती, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. ती दाबली गेली, तापली आणि एकमेकांत मिसळून गेली. सूर्याच्या पोटात जे अखंड चालतं, ते डोळ्याचं पातं लवायच्या आत इथे घडलं. आत घातलेली ऊर्जा होती २.०५ मेगाज्यूल आणि बाहेर आली ३.१५ मेगाज्यूल.

आता आपल्या हिशेबात. ३.१५ मेगाज्यूल म्हणजे बिलावरचं पुरतं एक युनिटसुद्धा नाही. त्यात दहा लिटर पाण्याला कशीबशी उकळी येईल. शिवाय ते लेसर पेटवायला प्रयोगशाळेनं तारेतून जी वीज ओढली, ती होती साधारण तीनशे मेगाज्यूल, म्हणजे ऐंशीच्या वर युनिट. ऐंशी युनिट घालायचे आणि एक बादली गरम पाणी काढायचं! असा व्यवहार आपल्या घरी कोणी केला असता, तर आपण काय म्हटलं असतं ते इथे छापता येणार नाही.

तरीही जगभरच्या शास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवल्या. ओलं लाकूड तासन्‌तास फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी येतं आणि मग एकदम ज्योत धरते, त्या क्षणाचं मोल चुलीपुढे बसलेलीलाच कळतं. गोळीला जेवढी ऊर्जा दिली त्याहून जास्त तिनं परत दिली, हे माणसाच्या हातून प्रयोगशाळेत पहिल्यांदाच घडलं होतं. १३ डिसेंबरला ही बातमी जगाला सांगितली अमेरिकेच्या तेव्हाच्या ऊर्जामंत्री जेनिफर ग्रॅनहोम यांनी. प्रयोगशाळेच्या संचालक होत्या किम बुडिल. आणि या प्रयोगाचा आराखडा करण्यात पुढे होती अ‍ॅनी क्रिचर. तिघीही बायका. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ते उपयोगी पडणार आहे.

मी नेरूळला राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. पामबीच रस्त्यानं जाताना खाडीपलीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिथेच भाभा अणुसंशोधन केंद्र. ४ ऑगस्ट १९५६ रोजी भारतातली पहिली अणुभट्टी, अप्सरा, तिथे सुरू झाली. मुलं मला विचारतात, "बाई, तिथे सूर्य बनवतात का?" नाही. तिथलं काम आहे अणू फोडण्याचं, म्हणजे विखंडनाचं. युरेनियमचा भलाथोरला अणुगर्भ फुटतो आणि ऊर्जा बाहेर पडते. सूर्याचं काम याच्या उलट. तिथे लहान लहान अणुगर्भ जुळतात. याला म्हणतात संमीलन, इंग्रजीतलं फ्युजन. मुलांना मी सांगते, एक वाटणी आणि दुसरी सोयरीक. ऊर्जा दोन्हीत आहे. पण वाटणी होते पटकन आणि सोयरीक जुळवता जुळवता माणूस मेटाकुटीला येतो, हे काय मुलांना माझ्याकडून कळायला हवं?

सोयरीक का जुळत नाही? कारण दोन्हीकडे धन विद्युतभार. जवळ आले की एकमेकांना ढकलतात. कोट्यवधी अंश तापमान असेल तरच ते इतक्या वेगानं धावतात, की ढकलाढकलीला न जुमानता चिकटतात. एवढं तापलेलं द्रव्य कुठल्या भांड्यात ठेवणार? म्हणून चुंबकांचं अदृश्य भांडं करायचं आणि त्यात ते अधांतरी फिरत ठेवायचं. सरपण मात्र मुबलक. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतल्या साध्या पाण्यात तीसेक ग्रॅम ड्युटेरियम असतंच. ट्रिटियम लिथियमपासून तयार करावं लागतं. धूर नाही, कार्बन नाही. भट्टीचे आतले भाग किरणोत्सारी होतात, तेव्हा अगदी सोवळं काम आहे असंही नाही. पण हजारो वर्षं राखण करावी लागेल असा कचरा त्यातून उरत नाही.

आणि हेच सरपण कधीतरी यानाला लावायचं, असं स्वप्न आहे. त्याची गरज का पडते, ते ऐका. १९७७ साली पृथ्वीवरून निघालेलं 'व्हॉयेजर १' आज अडीच हजार कोटी किलोमीटरच्याही पलीकडे गेलं आहे. त्याचा वेग सेकंदाला सतरा किलोमीटर. मुंबई-पुणे अंतर नऊ सेकंदांत! तरीसुद्धा सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्यापर्यंत जाण्याएवढं अंतर तोडायला त्याला पंचाहत्तर हजार वर्षं लागतील. नेहमीच्या इंधनावर ताऱ्यांकडे जायचं म्हणजे बैलगाडीनं चंद्रावर जायला निघण्यासारखं आहे.

ब्रिटनमधल्या काही हौशी शास्त्रज्ञ-अभियंत्यांनी १९७३ ते १९७८ या काळात बसून एका यानाचा पूर्ण कागदी आराखडा केला. नाव 'डेडॅलस'. वजन चोपन्न हजार टन आणि त्यातलं पन्नास हजार टन नुसतं इंधन. इंजिनात सेकंदाला अडीचशे इवल्या गोळ्या पेटवायच्या, साधारण त्या मिरीएवढ्या गोळीच्याच जातीच्या. अशानं वेग सेकंदाला छत्तीस हजार किलोमीटरपर्यंत चढतो. आपल्या पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे सेकंदात जवळपास एक प्रदक्षिणा. एवढं करून बर्नार्डच्या ताऱ्यापाशी पोचायला लागणार पन्नासेक वर्षं. थांबायला इंधन उरत नाही, म्हणून यान ताऱ्याला ओझरतं भेटून पुढे जाणार. त्यात माणूस बसवलेला नव्हता. बसवला असता आणि आईनं सांगितलं असतं, "पोचल्यावर फोन कर", तर तो फोन यायला आणखी जवळजवळ सहा वर्षं. त्या ताऱ्याचं अंतरच सहा प्रकाशवर्षांच्या आसपास आहे.

हे सगळं मला गेल्या वर्षभरात नव्यानं वाचावं लागलं, त्याला कारण माझी भाची. माझी धाकटी बहीण बार्शीला असते. ब्लाउज शिवते. लग्नसराईत तिच्याकडे रांग लागते. तिच्या मुलीनं सोलापूरला एम.एस्सी. केलं, परीक्षा दिल्या, मुलाखत दिली आणि गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी तिची निवड झाली. पेढे वाटून झाले आणि मग घरात चर्चा सुरू झाली. पाच-सहा वर्षं आणखी? मुलगी तेवीसची आहे. आणि हे काम आहे तरी काय? बहिणीचा मला फोन आला, "ताई, तूच समजाव तिला. ती म्हणते त्या भट्टीला ती स्वतः चाळिशीच्या घरात जाईस्तोवर खरं सरपण लागणार नाही म्हणे. असल्या कामाला जन्म द्यायचा?"

बहिणीचा आकडा बरोबर होता. फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराश इथे 'इटर' नावाची महाभट्टी उभी राहते आहे. भाचीला ज्या विषयात काम करायचं आहे, त्याची ही पंढरी. तिथे सूर्याच्या गाभ्यापेक्षा दहापट, म्हणजे पंधरा कोटी अंश तापमान करायचं आहे. आधी २०२५ साली पहिला प्लाझ्मा पेटणार असं ठरलं होतं. २०२४ मध्ये नवं वेळापत्रक आलं. त्याप्रमाणे प्रयोग सुरू होणार २०३४ मध्ये आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचं खरं सरपण लागणार २०३९ मध्ये. या विषयातल्या तारखा पुढे जाण्याची सवय जुनीच. होमी भाभा १९५५ साली जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष होते. येत्या वीस वर्षांत संमीलन माणसाच्या ताब्यात येईल, असं भाकीत त्यांनी तेव्हा केलं होतं. त्याला सत्तर वर्षं उलटून गेली.

उशीर का होतो? विज्ञान अवघड आहे, हे तर आहेच. दुसरं कारण ऐकून बहीण पहिल्यांदा हसली. ही भट्टी बांधणारे सात भागीदार आहेत. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत. सात सुगरणी, भाजी अळणी! त्यातून पैसे गोळा करून एकाच दुकानातून सामान आणायचं, तर तसं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घरी भाग बनवून आणायचा. महाप्रसादाला कोणी तांदूळ देतं, कोणी तूप, कोणी गूळ, तसं. युरोपचा वाटा साधारण निम्म्याच्या जवळ आणि बाकी सहा जणांचा प्रत्येकी नऊ टक्क्यांच्या आसपास. अशी वर्गणी का? कारण प्रत्येकाला ही विद्या आपल्या घरीही हवी आहे. नुसते पैसे दिले तर हात शिकत नाहीत.

या पंगतीची सुरुवातच राजकारणातून झाली. नोव्हेंबर १९८५ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह जिनिव्हाला भेटले. एकमेकांवर रोखलेली क्षेपणास्त्रं तशीच होती, पण निदान ही भट्टी तरी मिळून करू, यावर दोघांचं जुळलं. आपल्याला पंगतीत पान मिळालं ते वीस वर्षांनी. १९७४ च्या पोखरणच्या चाचणीनंतर अणुविषयातली दारं आपल्याला एकामागून एक बंद झाली होती. २००५ च्या जुलैत अमेरिकेशी अणुसहकार्याची बोलणी जाहीर झाली आणि त्याच डिसेंबरात भारत 'इटर'चा सदस्य झाला. तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते आपले अनिल काकोडकर. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसमध्ये सातही जणांनी करारावर सह्या केल्या.

आपण काय नेलं पंगतीला? भट्टीभोवतीचा प्रचंड थर्मास. आतला प्लाझ्मा पंधरा कोटी अंश आणि त्याच्यापासून काही मीटरवर असलेली चुंबकं उणे २६९ अंशांवर ठेवायची. त्यासाठी सगळ्याभोवती निर्वात पोलादी भांडं लागतं, क्रायोस्टॅट. उंची आणि रुंदी दोन्ही सुमारे तीस मीटर, वजन तीन हजार आठशे टनांच्या वर. त्याचे भाग घडले आपल्या शेजारी, सुरतजवळ हजीऱ्याला. मे २०२० मध्ये सगळं जग घरात कोंडलेलं असताना त्याचा तळ फ्रान्समधल्या खड्ड्यात अलगद उतरवला गेला.

जगाची भांडणं या मांडवाबाहेर थांबलेली नाहीत. २०२० च्या जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान धारातीर्थी पडले. भारत आणि चीन दोघेही 'इटर'मध्ये होते आणि राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रशियात बनलेलं एक अवाढव्य चुंबक सेंट पीटर्सबर्गहून जहाजात चढलं आणि फ्रान्सला पोचलंही. यामुळे युद्ध थांबलं नाही, त्याचा बडेजाव करू नये. पण कामापुरती बोलाचाल राहिली.

खरी फजिती झाली ती जोडणीत. वेगवेगळ्या ठिकाणी घडवलेले पोलादी तुकडे समोरासमोर आणले, तेव्हा कडांमध्ये काही मिलिमीटरचा फरक निघाला. काही नळ्यांना बारीक तडे सापडले. सगळं पुन्हा उलगडून दुरुस्तीला घ्यावं लागलं. हे सांगताच बहीण फोनवर ताडकन म्हणाली, "अगं, मुंढा एकीनं कापला आणि बाही दुसरीनं. मग झोल येणारच की! माया सोडली नव्हती का?"

मी थक्क झाले. शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगते. कापड बेतताना शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरलं तर शिवण उसवून ब्लाउज सैल करता येतो. माया नसली की कितीही भारी कापड असो, एका वर्षात बोहारणीकडे. 'इटर'च्या जोडणीत बारीक फरक धरलेलेच होते. पण निघालेला फरक त्या मायेत मावला नाही, एवढाच त्या सगळ्या अहवालांचा अर्थ. बार्शीच्या शिवणयंत्रावर तो पाच सेकंदांत निघाला.

त्या दिवसापासून आमची फोनवरची बोलणी बदलली. बहिणीला गोडी लागली. मीही तिला अंतराळातल्या बेतण्याच्या गोष्टी शोधून सांगू लागले. १९९९ साली अमेरिकेचं एक यान मंगळाजवळ पोचून नष्ट झालं. कारण काय, तर एका गटानं हिशेब पौंडात केला आणि दुसऱ्यानं तो मेट्रिक धरला. "म्हणजे इंच आणि सेंटिमीटर," बहीण म्हणाली. "टेप उलटा धरला."

तिला सगळ्यात आवडली ती १९७५ ची गोष्ट. शीतयुद्ध चालू असताना अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयुझ ही यानं १७ जुलैला अंतराळात एकमेकांना जोडली गेली. अडचणी काय होत्या बघा. यानं जोडायची तेव्हाची रीत अशी, की एकाचा पुढे आलेला भाग दुसऱ्याच्या खाचेत शिरायचा. कारखान्याच्या भाषेत एक नर, एक मादी. आता दोन महासत्तांपैकी मादी कोण होणार? दोघांचेही अभियंते बसले आणि त्यांनी दोन्ही बाजू सारख्याच असतील अशी नवी जोडणी काढली. दोघांनीही पुढे यायचं, दोघांनीही धरून ठेवायचं. आपल्याकडे हे पत्रिका जुळवणाऱ्यांना कधी सुचणार, असं बहीण म्हणाली. मी फक्त छापते आहे.

दुसरी अडचण हवेची. अपोलोत कमी दाबाचा शुद्ध ऑक्सिजन आणि सोयुझमध्ये जमिनीवरच्यासारखी साधी हवा. एकदम दार उघडून इकडून तिकडे गेलं तर माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून मध्ये एक छोटी खोली जोडली. तिथे थोडा वेळ थांबायचं, हवा जुळवून घ्यायची आणि मग पलीकडे जायचं. आपली पडवीच ती! बाहेरून आलेल्यानं आधी तिथे टेकायचं, पाय धुवायचे, पाणी प्यायचं आणि मग माजघरात यायचं. भाषेचं त्यांनी असं ठरवलं, की अमेरिकन रशियन बोलतील आणि रशियन इंग्रजी. समोरच्याची भाषा बोलायला लागलं की माणूस आपोआप हळू आणि सोपं बोलतो.

नव्या मुंबईत राहणाऱ्या कोणालाही ही पडवी किती गरजेची आहे ते विचारा. आमची सोसायटी चोवीस घरांची. मल्याळी नर्सबाई आहेत, बिहारी अभियंता आहे, सिंधी दुकानदार आहेत, वरच्या मजल्यावर जैन कुटुंब आहे आणि तळमजल्याला एक आगरी आजी. आजी गच्चीवर बोंबील वाळवायची. वरच्या घरात वास जायचा. तीन वर्षं सोसायटीच्या प्रत्येक सभेत हा एकच विषय. आजी म्हणायची, "जमीन दिली, आता वासही द्यायचा का?" त्यावर सगळे गप्प. कारण हे शहर जिथे उभं आहे ती भातशेती आणि मिठागरं सिडकोनं घेतली ती आजीसारख्यांचीच. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक लढले. जानेवारी १९८४ मध्ये जासई भागात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. शेवटी जैन घरातली सूनबाई स्वतः खाली आली, आजीशी तासभर बोलली. ठरलं ते असं, की गच्चीचा खाडीकडचा कोपरा आजीचा आणि पर्युषणाच्या दिवसांत वाळवण बंद. दोघींनी माया सोडली. ठराव लिहायची वेळच आली नाही.

मला वाटतं, ताऱ्यांकडे जाणाऱ्या यानाचा खरा पेच इथे आहे. पन्नास वर्षांच्या प्रवासात गच्ची नाही, खिडकी उघडायची सोय नाही, रुसून माहेरी जायची तर नाहीच नाही. तिथे सण कोणाचे, स्वयंपाक कोणाचा, मुलांची भाषा कुठली? आणि निघायच्याही आधी इंधन कोणाचं? डेडॅलसच्या आराखड्यात हेलियम-३ नावाचं इंधन गुरू ग्रहाच्या वातावरणातून आणायचं होतं. ते अगदी थोड्या प्रमाणात चंद्राच्या मातीतही आहे. १९६७ चा अंतराळ करार सांगतो की चंद्र कुठल्याच देशाच्या मालकीचा नाही. पण २०१५ मध्ये अमेरिकेनं कायदा केला, की तिथून काढलेला माल काढणाऱ्या कंपनीचा. २०२३ च्या जूनमध्ये आपण अमेरिकेच्या पुढाकारानं झालेल्या आर्टेमिस करारांवर सही केली. चीन आणि रशिया यांनी चंद्रावरच्या तळाचा आपला वेगळा संसार मांडला आहे. चंद्रावर आगरी आजी नाही, एवढाच फरक. सातबारा मात्र आत्तापासून लिहायला घेतला आहे.

अशा वेळी मला ती सोन्याची तबकडी आठवते. व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी पाठवली आहे. कोणा परक्याला सापडलीच तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. तिच्यात पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत. मराठीही आहे बरं का. आपण पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा कळवल्या आहेत. राजस्थानीतला निरोप जुन्या पोस्टकार्डासारखा, आम्ही इकडे सुखात, तुम्ही तिकडे सुखात असा. आणि चीनच्या दक्षिणेकडच्या एका बोलीतला निरोप ऐकून तर हसूच येतं. ती बाई परग्रहावरच्या लोकांना विचारते, तुमचं जेवण झालं का? वेळ मिळाला की आमच्याकडे या. आपल्याकडच्या कुठल्याही काकूनं हेच विचारलं असतं! जगाच्या राजकारणानं तिथेही पाठ सोडली नाही म्हणा. पहिला आवाज आहे संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांचा. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या सैन्यात असतानाचा आपला काही काळ त्यांनी लपवला होता, हे १९८६ मध्ये उजेडात आलं. तोवर यान खूप दूर गेलं होतं.

त्याच तबकडीत साडेतीन मिनिटांची एक भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची. 'जात कहाँ हो' असं त्या गाण्याचं नाव. एकट्या निघालेल्या मुलीला त्यात विचारलं आहे, की बाई गं, चाललीस कुठे? ५ सप्टेंबर १९७७ ला यान उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत वारल्या. आता तो आवाज एकटाच सूर्यमालेच्या वेशीबाहेर गेला आहे. मी हे फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडे बराच वेळ यंत्राचा आवाज नव्हता.

भाचीला मी काय समजावणार? मी बहिणीला एवढंच म्हटलं, की भट्टी २०३९ ला पेटो नाहीतर आणखी दहा वर्षांनी, तोवर चुंबक, निर्वात, तापमान यांतलं जे काही तुझी मुलगी शिकेल ते वाया जाणार नाही. चीनमध्ये जानेवारी २०२५ ला प्लाझ्मा १,०६६ सेकंद टिकला, पुढच्याच महिन्यात फ्रान्समध्ये १,३३७ सेकंद. ज्यांनी तो टिकवला, त्यांनी स्वतः तारे गाठले नाहीत आणि गाठणारही नाहीत. गांधीनगरला १९८९ पासून 'आदित्य' नावाचं आपल्या लोकांनी बांधलेलं यंत्र आहे. ते बांधणाऱ्यांनीही बिलावर एक युनिट आणून दिलं नाही. त्यांनी शिकवलेली माणसं मात्र आज या सातांच्या पंगतीत बसतात. तिथे एखादी मुंढा आणि बाही यांचं नातं लहानपणापासून बघितलेली मुलगी असली, तर माझ्या मते भट्टीचा फायदाच आहे. लग्नाचं म्हणशील, तर त्या तिघी बायकांची गोष्ट तुला मघाशी सांगितली आहे. त्यांना कोणी विचारलं असेल किंवा नसेल, काम तर झालं.

भावोजींचं मन अजून पूर्ण वळलेलं नाही. पण जुलैचं तिकीट त्यांनीच काढलं. सोलापूरहून अहमदाबाद, खालचा बर्थ. बहिणीनं मुलीला सहा कुर्ते शिवले आहेत, प्रत्येकाला दोन खिसे, कारण प्रयोगशाळेत पर्स कुठे घेऊन फिरणार. मी विचारलं, एवढी घाई करून सहा कशाला? तर म्हणाली, "पाच-सहा वर्षं काढायचीत तिला तिकडे. प्रत्येकाला दोन बोटं माया जास्तच सोडली आहे."